आंबोडीतली न लिहिलेली मुलं

सोपानराव पाटलांचं अक्षर पाहिलं की वाटायचं, हा माणूस शाळामास्तर व्हायचा तो चुकून पोलीस पाटील झाला. चाकणच्या पश्चिमेला तीन कोसांवर आंबोडी नावाचं दीडशे उंबऱ्यांचं गाव. तिथं मी १९५९च्या जूनमध्ये नर्स म्हणून गेले, तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायचे आणि मग कधी कधी बोलायचेच नाहीत. त्यांची ही हकीगत काही त्यांच्या तोंडून कळली, बरीचशी त्यांच्या बायकोकडून, गोजाबाईंकडून. शेवटचा भाग मी स्वतः पाहिला, आणि त्यातली एक चूक माझी आहे.

वडिलांच्या मागं सत्तेचाळीस साली त्यांच्याकडे पाटीलकी आली. पाटलाच्या कामांत एक काम जन्ममृत्यूच्या नोंदवहीचं असायचं. गावात मूल जन्मलं, माणूस गेलं, की तारीख, नाव, बापाचं नाव, मृत्यू असेल तर कारण, असं सगळं लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी उतारा तालुक्याला पाठवायचा. आजूबाजूचे पाटील हे काम तलाठ्याच्या गळ्यात टाकून मोकळे व्हायचे. सोपानराव स्वतः लिहायचे. बोरू तासून, ओळी आखून. त्यांच्या वहीत खाडाखोड सापडायची नाही.

पाटीलकी मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी एक प्रसंग घडला. गावातल्या सारजाबाईचं मूल चौथ्या दिवशी गेलं. सोपानरावांनी नियमाप्रमाणे लिहिलं. नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, तेव्हा तो कोरा सोडला आणि कारणाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं घातलं. महिन्याभरानं एक हवालदार सारजाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. मूल कशानं गेलं, जवळ कोण होतं, कुठं पुरलं, अशी विचारपूस त्यानं ओटीवर बसून केली. सारजाबाई ओली बाळंतीण. ती दाराआडून उत्तरं देत होती, आणि तिच्या पदरावर दुधाचे डाग पडत होते. सोपानराव शेजारी खाली मान घालून उभे होते.

हवालदार गेल्यावर ते घरी येऊन बायकोला म्हणाले, “बारशाआधी गेलेलं लेकरू आता म्या लिवणार न्हाई. त्याला नाव न्हाई, गाव न्हाई. कुनाला त्याचा उपेग? उगं त्या माऊलीला तरास.”

गोजाबाईंना ते पटलं होतं. “माणूस मायेनं बोलला, बाई,” असं त्या मला म्हणाल्या. “तवा मलाबी बरंच वाटलं.”

तेव्हापासून आंबोडीच्या वहीत बारशाआधी गेलेली मुलं आली नाहीत. ती जन्मलीही नाहीत आणि मेलीही नाहीत. ओढ्याकाठच्या करंजाखाली त्यांना पुरत, आणि गाव आपल्या कामाला लागे.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात तालुक्याला पाटलांची सभा भरली. पुण्याहून आरोग्याचे साहेब आले होते. त्या भागात बाळंतपणासाठी एक केंद्र उघडायचं होतं, शिकलेली नर्स बसणार होती, आणि ते कोणत्या गावी द्यायचं हे ठरत होतं. साहेबांनी फळ्यावर गावांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे एक आकडा. हजार मुलं जन्मली तर वर्षाच्या आत त्यांतली किती जातात, तो आकडा. बहुतेक गावांपुढे दीडशे, एकशे साठ. धामणवाडीपुढे एकशे नव्वद. आंबोडीपुढे पंचेचाळीस.

“आंबोडीचे पाटील कोण?” साहेबांनी विचारलं.

सोपानराव उभे राहिले.

“तीन वर्षांत एकशे बारा जन्म आणि त्यांतली फक्त पाच मुलं गेली. शाबास! स्वच्छ गाव दिसतंय तुमचं. बाकीच्यांनी यांच्याकडे जाऊन बघा जरा.”

सगळ्या सभेनं मागं वळून पाहिलं. सोपानराव सांगायचे, की त्या क्षणी छाती फुगली हे खरं. लबाडी केली असं मनातसुद्धा आलं नाही. गावाचं पाणी गोड, माणसं कष्टाळू, तेव्हा मुलं जगत असतील, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. ज्या हातानं वही लिहिली त्या हाताचा त्यांना विसर पडला होता.

केंद्र धामणवाडीला गेलं. आसपासची, आकडा मोठा असलेली पाच गावं नर्सच्या यादीत घातली गेली. आंबोडी त्यांत नव्हती.

त्याच वर्षी त्यांची एकुलती लेक रतनबाई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिचा नवरा उद्धव पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. चिंचवडला एका खोलीत दोघं राहायची. उद्धव तिला पोचवायला आला तेव्हा म्हणाला होता, “मामा, तिकडं दवाखाना जवळ हाय. तिकडंच ऱ्हाऊ द्या म्हणत होतो मी.” सोपानराव हसून म्हणाले, “पयलं बाळंतपण माहेरालाच व्हतं, पाव्हणं. आन आमच्या गावात प्वारं मरत न्हाईत. पुण्याच्या सायबानं सांगितलंय.”

कार्तिकात रतनबाईला मुलगा झाला. गावातल्या सगळ्या पोरांना आक्काबाईनं जगात आणलं होतं, यालाही तिनंच आणलं. तिनं नेहमीसारखी विळ्यानं नाळ कापली आणि वर शेणाची राख लावली. मूल गोरंपान, रडणं खणखणीत. पाचवी पुजली. बारशाला चाकणहून पाळण्यासाठी दोर आणायचा ठरला.

सातव्या दिवशी सकाळी मूल दूध ओढेना. रतनबाई म्हणाली, “आये, त्याचं त्वांड उघडंना.” दुपारपर्यंत अंग ताठ होऊन कमानीसारखं वळू लागलं. आक्काबाईनं पाहिलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. तिनं ते पूर्वी पुष्कळदा पाहिलं होतं.

आठव्या दिवशी उजाडताच सोपानरावांनी बैलगाडी जुंपली. मांडीवर नातू, शेजारी गोजाबाई, मागं गवतावर आडवी झालेली रतनबाई. धामणवाडी तीन कोस. वाटेत त्यांनी गाडीवानाला एकदाही जोरात हाकायला सांगितलं नाही, कारण गाडी उसळली की मूल आखडत होतं.

धामणवाडीच्या नर्स मध्यमवयाच्या होत्या, अंबुबाई त्यांचं नाव. त्यांनी दुपटं बाजूला केलं, नाळेकडे पाहिलं, आणि पुन्हा झाकलं.

“नाळ कशानं कापली?”

“इळ्यानं,” गोजाबाई म्हणाल्या.

“धनुर्वात आहे. आता माझ्या हातात काही नाही, पुण्याला नेलंत तरी वाटेतच...” त्या थांबल्या. मग जरा चिडूनच म्हणाल्या, “अहो, बाळंतपणाआधी निरोप नाही का पाठवायचा? उकळलेली कात्री घेऊन कुणी आलं असतं तर हे झालं नसतं. कुठलं गाव तुमचं?”

“आंबोडी.”

“मग माझ्याकडून कुणी आलंच नसतं. तुमचं गाव यादीत नाही.”

“का न्हाई?” रतनबाईनं गाडीतून विचारलं.

अंबुबाईंनी टेबलावरचा कागद उचलला. त्यांनी तो मुद्दाम वाचून दाखवला नाही, नुसतं खरं तेच सांगितलं. “तिथं मुलं दगावत नाहीत, असं लिहून आलंय.”

रतनबाईनं बापाकडे पाहिलं. तिला वहीतलं काही ठाऊक नव्हतं. तिनं नुसतंच पाहिलं. पण सोपानराव मला म्हणाले, “बाई, तिथनं घरापातूर म्या मान वर केली न्हाई.”

मूल परतीच्या वाटेवर गेलं. गाव दिसायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सोपानराव वही घेऊन बसले. जन्माच्या बाजूला एक ओळ, मृत्यूच्या बाजूला एक ओळ. नावाच्या रकान्यात त्यांनी ‘रतनबाईचा मुलगा’ असं लिहिलं, वय आठ दिवस, कारण धनुर्वात. ते लिहून झाल्यावर ते मागची पानं उलटत बसले. पानामागून पान, स्वच्छ, एकसारख्या अक्षराचं. कोणत्या ओळीखाली कोणतं मूल असायला हवं होतं ते त्यांना आठवेना. तेव्हा ते उठून एकेका घरी गेले.

कुणीच काही सांगितलं नाही. बायका दाराआड व्हायच्या, पुरुष म्हणायचे, “आता कशापायी, पाटील? झालं गेलं.” सारजाबाईनं तर दारच लावून घेतलं. तिला हवालदार आठवला असणार.

तीन दिवस गोजाबाईंनी हे पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमाला कोन सांगल? मला इचारा की. परत्येक बाळतिणीच्या उशाला म्याच बसलीया.”

सोपानरावांनी कोरा कागद घेतला. गोजाबाई ज्वारी पाखडत सांगत गेल्या. तारखा त्यांना ठाऊक नव्हत्या. “कांदं काढाया लागलं व्हतं तवा सोजराबाईचं, पोरगी, पाच दिसांची. तिचंच फुडच्या साली, पोरगा, तो रडलाबी न्हाई. शिमग्याच्या आदल्या दिशी तात्याबाच्या सुनंचं, जुळं, एक त्याच दिशी, एक दोन दिसांनी...” मध्येच थांबून त्या एखाद्या बाईचं बाळंतपण किती अवघड होतं ते सांगायच्या, आणि सोपानराव थांबून ऐकायचे. बावन्न ते चौपन्न या तीन वर्षांत एकोणीस मुलं निघाली.

त्यांनी कागद खाली ठेवला तेव्हा गोजाबाई म्हणाल्या, “आन दोन आपली लिवा.”

“ती ह्या तीन सालांत न्हाईत.”

“म्हून काय झालं?”

रतनबाईच्या आधी एक मुलगा आणि नंतर एक मुलगी, दोन्ही आठवड्याच्या आत गेलेली. सोपानरावांना मुलगा आठवत होता. मुलीचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्या वेळी ते आळंदीच्या बाजूला ऊस तोडणीवर गेले होते, परत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांनी तालुक्याच्या कागदावर ती दोघं लिहिली नाहीत, कारण साल जुळत नव्हतं. गोजाबाई पुन्हा ज्वारी निवडू लागल्या. पण चार वर्षांनी मला सांगताना त्यांचा आवाज बदलला. “लिवलं आसतं तर काय बिगडत व्हतं, बाई? माझ्यापुरतं लिवायचं व्हतं.”

तो कागद घेऊन सोपानराव तालुक्याला गेले. तिथल्या वयस्कर कारकुनानं हिशेब मांडून पाहिला. जन्म एकशे बारा नाहीत, एकशे एकतीस. गेलेली पाच नाहीत, चोवीस. हजारी एकशे त्र्याऐंशी. धामणवाडीच्या जवळजवळ बरोबरीचा आकडा.

“पाटील,” कारकून हळू आवाजात म्हणाला, “ही वर्षं बंद झाली. त्यांचे आकडे वर गेले, छापूनसुद्धा आले असतील. आता त्यांत काही घालता येत नाही. आणि हे लेखी दिलंत तर तुमचीच चौकशी लागेल.”

“लागू द्या.”

“त्यानं केंद्र तुमच्याकडे येणार नाही.”

“ते कवा यील?”

“नवी यादी तीन-चार वर्षांनी होते. तोवर खरं लिहीत राहा. आकडा बोलेल.”

सोपानरावांनी अर्ज दिला. चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, एका शेतसाऱ्याच्या दप्तराबरोबर तो कागदही कुठंतरी बांधला गेला. तीन वर्षं मात्र त्यांनी खरं लिहिलं. कुठं मूल दगावलं की गोजाबाई त्यांना सांगायच्या आणि ते वहीत ओळ घालायचे. गावाला हे रुचलं नाही. पूर्वी न लिहिणारा पाटील आता लेकराची माती ओली असताना लिहायला बसतो, याला काय म्हणायचं? त्यांच्याच भावकीतला गेनू चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “पाटलाचा नातू गेला, तवापासनं त्याला दुसऱ्याची मढी मोजायचा नाद लागलाय.” सोपानराव लिहीत राहिले. छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न. तीन वर्षांत एकवीस ओळी भरल्या.

कारकुनानं सांगितलं तसंच झालं. आकडा बोलला, नवी यादी निघाली, आणि एकोणसाठच्या जूनमध्ये एक लोखंडी पेटी, दोन पातेली आणि एक स्टोव्ह घेऊन मी आंबोडीला उतरले.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पुण्यात शिकले होते आणि मला सगळं येतं असं वाटत होतं. पहिल्याच महिन्यात तालुक्याहून मागच्या आठ वर्षांचे मुलांच्या मृत्यूंचे आकडे मागवून मी केंद्राच्या भिंतीवर लावायला एक आलेख काढला. पाच वर्षं रेघ अगदी तळाशी, मग छप्पन साली एकदम वर चढलेली, आणि तिथंच टिकलेली. सोपानराव काही उतारा घेऊन आले होते. मी त्यांना सहज विचारलं, “पाटील, छप्पन साली गावात मोठी साथ आली होती का?”

त्यांनी दोनदा घसा साफ केला. मला वाटलं आता नेहमीसारखे गप्प बसतील. पण ते बाकावर टेकले आणि सगळं सांगितलं, सारजाबाईच्या दारातल्या हवालदारापासून. सांगताना ते आलेखाकडे पाहत नव्हते. बाहेर बायका रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं किंवा दार तरी लावायला हवं होतं. दोन्ही सुचलं नाही.

शेवटी ते म्हणाले, “एकवीस गेली, बाई, केंद्र नव्हतं तवा. म्या पयल्यापासनं खरं लिवलं आसतं तर पंचावनलाच केंद्र इथं आलं आसतं, न्हाईतर गाव यादीत तरी आलं आसतं. त्यांतली किती वाचली आसती?”

“सगळी नाहीत,” मी म्हणाले. “काही अपुऱ्या दिवसांची असतात, काही...”

“किती?”

त्यांना खरंच आकडा हवा होता. मी तालुक्याहून आलेल्या कागदांतल्या कारणांवर नजर टाकली. धनुर्वात, धनुर्वात, ताप, धनुर्वात. शिकवणीत जसं पटकन उत्तर द्यायची सवय लागली होती तसं मी म्हणाले, “निम्मी तरी वाचली असती.”

ते उठले. “धा-अकरा,” असं म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. उतारा बाकावरच राहिला.

मला तेव्हा कळलं नाही की मी काय केलं. सांगता येणार नाही, असं म्हणायला जागा होती, आणि ते खोटंही ठरलं नसतं. इतक्या लहान गावाच्या इतक्या थोड्या आकड्यांवरून कुणालाच तसं छातीठोक सांगता येत नाही. गोजाबाईंनी नंतर सांगितलं, की त्या दिवसापासून ते वहीतली ती तीन वर्षं उघडून बसत आणि कोणती दहा, कोणती अकरा, ते बोटानं शोधत राहत. मी दोनदा घरी जाऊन म्हणाले, “आबा, मी अंदाजानं बोलले, तसा काही नेम नसतो.” ते म्हणाले, “तुमी शिकलेल्या हाय. तुमाला ठाव आसनारच.” मग गोजाबाईंना म्हणाले, बाईंना चहा कर.

माझं काम हळूहळू बसलं. आक्काबाई माझ्याकडे येऊ लागली, मी तिला ब्लेड उकळायला शिकवलं, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता हे मी कबूल करते. पहिल्या चार महिन्यांत आंबोडीत धनुर्वातानं एकही मूल गेलं नाही. हे मी सोपानरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. आनंद झाला नाही असं नाही, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मी आलेख भिंतीवरून काढून पेटीच्या तळाशी ठेवला होता. त्यांनी तो कुठं गेला हे विचारलं नाही.

त्या सालच्या दिवाळीत ते आणि गोजाबाई चिंचवडला लेकीकडे गेले. रतनबाईला अठ्ठावन्न साली मुलगी झाली होती, तिकडेच, दवाखान्यात. पहिलं मूल गेल्यापासून ती माहेरी अशी आलीच नव्हती. एखाद्या लग्नापुरती यायची, त्याच दिवशी परतायची. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

तिथं काय झालं ते गोजाबाईंनी मला सांगितलं. जेवणं झाल्यावर सोपानराव लेकीला म्हणाले, “आता गावात नर्स हाय. सरकारी. चांगली पोरगी हाय. ह्या खेपंला आपल्याकडं ये.”

रतनबाई मुलीचे केस विंचरत होती. ती रागावली नाही, रडलीही नाही.

“नगं, आबा. मी हितंच बरी हाय.”

“तुझ्या आयेला बरं वाटंल.”

“आये, तूच ये हिकडं,” ती आईला म्हणाली. “म्हैनाभर ऱ्हा.”

सोपानरावांना तिनं बोलावलं नाही. उद्धवनं काहीतरी विषय काढला, कारखान्यातला, ओव्हरटाइमचा, आणि वेळ निभावली.

दोघं परत आल्यावर मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. गोजाबाई आत दिवा लावत होत्या. सोपानराव ओट्यावर बसले होते, पायातल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. मी रतनबाईची खुशाली विचारली.

“बरी हाय,” ते म्हणाले. मग वहाणा काढत म्हणाले, की चिंचवडपर्यंतची सडक आता चांगली झाली आहे, बस लवकर पोचते, गोजाबाईंना एकटीनं जायला सोपं पडेल.